प्रशासकराज काही २०२० नंतर आलेलं नाही

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबई-पुण्यात त्याआधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ मधलं होतं. म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांची नोकरदार पोरं आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवक निवडायला रांगेत उभी होती. छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर तर २०१५ नंतर थेट आता. इतकी वर्षं का लागली, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘ओबीसी आरक्षणाची केस होती ना.’ केस होती हे खरं. पण सगळा दोष तिच्या माथी मारला की सरकारं सुटतात, आणि मला खटकतं ते तेच. लोकांनी निवडलेली सभा बाजूला ठेवून प्रशासक म्हणून बसवलेल्या अधिकाऱ्याकरवी कारभार हाकायचा, ही आपल्याकडची जुनी सवय आहे.

मुंबईपासूनच सुरुवात करू. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार म्युनिसिपल कमिशनरच्या हाती गेला. आर्थर क्रॉफर्ड, ज्याच्या नावाचं मार्केट आजही लोकांच्या तोंडी आहे, तो हा कमिशनर. माणूस कर्तबगार, खर्चाला मात्र लगाम नाही. बाजार उभे राहिले, रस्ते झाले, गटारांची कामं निघाली आणि तिजोरीत खडखडाट झाला. नावाला शहरातले ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक, होते, पण कमिशनरला अडवण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. करदाते खवळले, १८७१ मध्ये सभा झाल्या, क्रॉफर्ड गेला आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची कॉर्पोरेशन आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. एकट्या अधिकाऱ्याच्या सहीने पैसा उडतो, ही तक्रार महापालिकेच्या जन्माआधीची आहे. किंबहुना त्या तक्रारीपोटीच ती जन्माला आली.

पुण्यात त्याच सुमारास, १८७६ ते १८८२, जोतीराव फुले नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून नगरपालिकेने हजार रुपये खर्चायचं ठरवलं. त्याला विरोध करणारं मत एकच पडलं, ते जोतीरावांचं. हा पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण ‘नाही’ म्हणणारा एक तरी सभागृहात होता आणि ते नोंदलं गेलं. प्रशासकाच्या काळात ही नोंदच होत नाही.

ग्रामीण भागाची गोष्ट अधिक बोलकी. पंचायत राजची शिफारस करणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीनंतर महाराष्ट्राने १९६० मध्ये वसंतराव नाईकांची समिती नेमली, १९६१ मध्ये कायदा केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती असं बरंच काही त्यांच्याकडे आलं. देशात या रचनेचं कौतुक झालं आणि ते रास्त होतं. अडचण निघाली ती आमदारांची. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष लाल दिव्याच्या गाडीतून फिरणार, शिक्षकांच्या बदल्या त्याच्या शब्दावर होणार, मग आमदाराच्या दारात कोण येणार? पंचायत राजची सारी रखडपट्टी या एका प्रश्नापाशी येऊन थांबते, असं माझं मत आहे.

निवडणुकांची वर्षं बघा: १९६२, १९६७, १९७२, १९७९ आणि मग एकदम १९९२. मध्ये तेरा वर्षं काही नाही. आर. आर. पाटील, म्हणजे आबा, १९७९ मध्ये सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि १९९० मध्ये आमदार होईपर्यंत ते सदस्यच होते. एका निवडणुकीवर अकरा वर्षं! आबांचं त्यातून भलंच झालं म्हणा, पण तेवढ्या काळात दुसरे किती आबा घडले असते, याचा हिशेब कोण मांडणार. त्या दशकात मुख्यमंत्री बदलले, पक्ष फुटले, जोडले गेले. जिल्हा परिषदेची निवडणूक लांबवण्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. मुंबई महापालिकेतही १९८४-८५ मध्ये वर्षभर प्रशासक होताच.

हे दुखणं एकट्या महाराष्ट्राचं नव्हतं, म्हणूनच डिसेंबर १९९२ मध्ये संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पाच वर्षांची मुदत, ती संपायच्या आत निवडणूक आणि ती घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. राज्य सरकारच्या मर्जीवर काही राहू नये, हाच उद्देश. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर बजावून सांगितलं की प्रभागरचना किंवा मतदार याद्या अपुऱ्या आहेत, ही सबब चालणार नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपण पुन्हा तिथेच आलो.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्थानिक संस्थांत ओबीसींना सरसकट २७ टक्के जागा दिल्या. आदिवासीबहुल जिल्ह्यात अनुसूचित जमातींच्या जागाच निम्म्याच्या आसपास किंवा वर जातात. त्यात हे २७ मिळवले की एकूण आरक्षणाची पन्नास टक्क्यांची मर्यादा मोडणारच. २०१० मध्ये घटनापीठाने के. कृष्णमूर्ती खटल्यात सांगितलं होतं की राजकीय मागासलेपण शिक्षण-नोकरीतल्या मागासलेपणाहून वेगळं आहे, त्याची माहिती नव्याने गोळा करा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. त्यानंतर आघाडीचं सरकार होतं, मग युतीचं, मग महाविकास आघाडीचं. अकरा वर्षं ही माहिती कुणी गोळा केली नाही. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात विकास गवळी प्रकरणात निकाल लागला, सरसकट २७ टक्के चालणार नाहीत असं ठरलं, स्वतंत्र आयोगाकडून माहिती, प्रत्येक संस्थेनुसार ठरवलेलं प्रमाण आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत अशी तिहेरी चाचणी राज्याच्या गळ्यात पडली, आणि सगळे पक्ष एका सुरात ‘ओबीसींवर अन्याय’ म्हणू लागले. अन्याय झालाच. पण त्याची तयारी मंत्रालयात दशकभर निवांतपणे चालली होती.

पुढचा घटनाक्रम धावतच सांगतो. ओबीसी आरक्षण टिकवायला अध्यादेश निघाला, डिसेंबर २०२१ मध्ये त्याला स्थगिती मिळाली. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा केला, तोही एकमताने. एरवी एकमेकांची उणीदुणी काढणारे त्या दिवशी कसे एक झाले, ते विसरू नये. मे महिन्यात न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करा म्हटलं. जुलैत, ओबीसींची माहिती गोळा करायला नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला. तोवर सरकार बदललं होतं. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने मुंबईच्या २३६ जागा पुन्हा २२७ केल्या, त्यावर याचिका झाली, ‘जैसे थे’ आदेश आला आणि पावणेतीन वर्षं तारखा पडत राहिल्या.

प्रभागांचा खेळ तर वेगळ्याच थराचा. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. पुढे महाविकास आघाडीने आधी एक आणि मग तीन ठरवले, शिंदे सरकारने परत चार केले. मतदाराला आपला नगरसेवक कोण, हे कळायच्या आत प्रभागच बदललेला.

मधल्या काळात कारभार कसा चालला? आयुक्तच प्रशासक. त्याने आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून आपणच तो मंजूर करायचा. स्थायी समिती तोच, महासभाही तोच. मुंबई महापालिकेचं अंदाजपत्रक २०२२-२३ ला सुमारे ४५,९४९ कोटींचं होतं, २०२५-२६ ला ७४,४२७ कोटींचं झालं. एवढ्या रकमेवर सभागृहात तासभरही चर्चा नाही. २०२३ मध्ये पालकमंत्र्यांना महापालिका मुख्यालयात दालन मिळालं. नगरसेवक नाहीत, मंत्री मात्र आहेत! नगरसेवक म्हणजे देवमाणसं, असं कुणीच म्हणणार नाही. टक्केवारीचे किस्से प्रत्येक वॉर्डात आहेत. तरी गल्लीतलं चेंबर तुंबलं की रात्री साडेदहाला ज्याच्या दाराची बेल वाजवता येते, असा तोच. आमच्या भागात अशी तक्रार ॲपवर टाकली तर दुसऱ्या दिवशी ‘निकाली काढली’ असा मेसेज आला, चेंबर तुंबलेलंच. कनिष्ठ अभियंत्याने वरिष्ठांकडे बोट दाखवलं, वरिष्ठ मीटिंगमध्ये. शेवटी काम करून दिलं ते एका माजी नगरसेवकाने, तेही ओळखीवर.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वी होतं ते आरक्षण धरून निवडणुका घ्या म्हटलं, चार महिन्यांची मुदत दिली. सप्टेंबरमध्ये ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली. प्रभागरचनेचा आदेश या वेळीही नगरविकास खात्यातूनच निघाला. आणि डिसेंबरमध्ये मतदान झालेल्या ज्या ४० नगरपरिषदा आणि १७ नगरपंचायतींत आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं होतं, तिथले निकाल न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहतील, असं मतदानाआधीच सांगून ठेवलेलं होतं.