बोटीने आलेलं पोट

1885 सालापासून जपानी शेतकरी कुटुंबं हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत मजुरीला येऊ लागली. या पहिल्या पिढीला इस्सेई म्हणतात, तिथे जन्मलेल्या मुलांना निसेई. पुढे, विसाव्या शतकाच्या मध्याला, पोटाच्या कॅन्सरने जाणाऱ्यांचं प्रमाण जपानात अमेरिकेच्या कितीतरी पट होतं. त्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या विल्यम हेन्झेल यांना हवाईत प्रयोग जणू मांडूनच ठेवलेला मिळाला. माणसं तीच, रक्त तेच, देश तेवढा वेगळा. मग आजार बदलतो का?

बदलतो, पण रेंगाळत. इस्सेईंचा धोका बराचसा तसाच राहिला, निसेईंचा उतरला. हेन्झेल आणि सहकाऱ्यांच्या 1972 च्या अभ्यासातला एक बारकावा मला सगळ्यात बोलका वाटतो. जपानच्या ज्या प्रांतांत हा कॅन्सर फार होता, तिथून आलेल्या इस्सेईंमध्ये तो हवाईतही इतर इस्सेईंपेक्षा जास्त दिसला. त्यांच्या मुलांमध्ये मात्र हा प्रांताप्रांतातला फरक पुसला गेला होता. दुखणं निव्वळ रक्तातलं असतं, तर एका पिढीत असं निघून गेलं नसतं.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं उलट. तो इस्सेईंच्या हयातीतच वाढू लागला. एकाच पोटात वरच्या मजल्यावर जुना देश, खालच्या मजल्यावर नवा!

खाण्याची चौकशी केली तेव्हा मुरवलेल्या भाज्या आणि सुकी-खारवलेली मासळी खाणाऱ्यांत धोका जास्त निघाला, तर काही पाश्चात्त्य भाज्या, त्यातल्या बऱ्याचशा कच्च्याच खाल्ल्या जाणाऱ्या, घेणाऱ्यांत कमी. जठराला आतून बुळबुळीत श्लेष्माचं अस्तर असतं. स्वतःच्याच आम्लात जठर भाजत नाही ते त्यामुळे. सतत खारट खाल्लं की हे अस्तर विरतं, खालच्या पेशी उघड्या पडून मरतात आणि जागा भरायला नव्या पेशी भराभर तयार होतात. या घाईत चुका होतात. त्यात खारवलेल्या पदार्थांतल्या नायट्राइटपासून कॅन्सरकारक नायट्रोसो संयुगं बनतात. ताज्या भाज्या-फळांतलं क जीवनसत्त्व नेमकी हीच क्रिया अडवतं.

तरी सगळं मिठाच्या माथी मारून मोकळं होणं मला पटत नाही. हेन्झेल यांना ठाऊक नसलेला एक भिडू अजून यायचा होता. 1982 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. आज त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. तो बहुधा लहानपणी, घरातल्याच कुणाकडून येतो आणि उपचार केले नाहीत तर जन्मभर मुक्काम ठोकतो. जपानमध्येच झालेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1246 संसर्ग असलेल्या रुग्णांपैकी 36 जणांना सरासरी आठेक वर्षांत पोटाचा कॅन्सर झाला. संसर्ग नसलेल्या 280 जणांत एकालाही नाही. जंतू जठराला वर्षानुवर्षं सूज आणतो आणि खारट खाणं त्याच्या मदतीला येतं.

आता इस्सेईंचं कोडं बरंचसं उलगडतं. बोटीत चढतानाच बहुतेकांच्या पोटात जंतू असणार. ताट नंतर बदललं, बालपण थोडंच बदलणार होतं?

म्हणून जास्त धोक्याच्या देशातून आलेल्या माणसाला डॉक्टरने ‘काय खाता?’ इतकंच विचारून भागत नाही, ‘लहानाचे मोठे कुठे झालात?’ हेही विचारावं लागतं. पुढची तपासणी सोपी असते. खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायचा आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तो कार्बन श्वासातून बाहेर येतो.