आजोबांचा चेहरा जुना, कागद तरुण

जुन्या नाशकातला वाडा पाडायला निघाला, की माळ्यावरच्या ट्रंकेतून एखादा फोटो हमखास निघतो. पगडीतले आजोबा, शेजारी नऊवारीतल्या आजी, पाठीमागे रंगवलेला पडदा. तारीख कुठेच नाही. मग जो तो पगडी आणि नथ बघून साल सांगू लागतो. माझं म्हणणं, आधी कागद बघा.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. सुटत असेल तर बाहेर काढून फिकट भागावर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरा. कागदाचे तंतू दिसले, रंग पिवळसर तपकिरी असला आणि पातळ कागद पुठ्ठ्यावर डकवलेला असला, तर तो बहुधा अल्ब्युमिन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला. ही पद्धत १८५० साली आली आणि एकोणिसावं शतक सरता सरता मागे पडली. तंतू झाकले गेले असतील, तर मधे बेरियम सल्फेटचा पांढरा थर आहे; असा कागद साधारण १८८०च्या दशकानंतरचा. काळ्या भागांवर तिरक्या उजेडात निळसर चंदेरी झाक दिसली, तर चित्र जिलेटिनमधल्या चांदीचं आहे. दमट हवेत ती चांदी हळूहळू वर सरकते आणि पृष्ठभागावर साचते.

आता नोटा तपासायचा जांभळा दिवा आणा. नाशिकरोडला छापलेल्या नोटांवरचे छुपे तंतू ज्या अतिनील प्रकाशात चमकतात, तोच इथे कामाला येतो. अंधारात फोटोचा कागद निळसर पांढरा उजळला, तर त्यात शुभ्रता वाढवणारी रसायनं आहेत. फोटोच्या कागदात ती १९५०च्या दशकात आली. उजळला नाही, तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही.

पण पगडी १९२०ची आणि कागद उजळतोय, असं का? घरातलं माणूस गेलं, की एखाद्या ग्रुप फोटोतला चेहरा स्टुडिओत देऊन मोठा करून घ्यायची आपल्याकडची रीत. भिंगातून मानेजवळ ब्रशचे फटकारे दिसतात, चेहऱ्यावरची सावली एकीकडे आणि कोटावरची भलतीकडे पडलेली असते. अशा फोटोला दोन वयं असतात, चित्राचं वेगळं आणि प्रतीचं वेगळं.

कपड्यांचा उपयोग चित्राच्या वयापुरता. तिथेही सगळ्यात नवी वस्तू धरायची, कारण पगडी आणि शालू वर्षानुवर्षं जपून वापरले जातात. मागच्या रांगेतल्या एकाच्या डोक्यावर गांधी टोपी असली, तर फोटो १९२०च्या आसपासचा किंवा नंतरचा. मग आजोबांची पगडी कितीही जुनी असो. मागे स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असला, तर ती प्रत १५ ऑगस्ट १९७२च्या आधीची नाही.