ऐकायचं कुणाचं? देवाचं आणि देवाच्या माणसांचं

मराठीत 'ऐकणं' हे क्रियापद दोन कामं करतं. रेडिओ ऐकतो ते ऐकणं, आणि "आईचं ऐक जरा" यातलंही ऐकणंच. पहिलं कानाचं, दुसरं हातापायाचं. बायबलमधल्या जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही हेच आहे. 'शामा' म्हणजे कानांनी ऐकणं, आणि शामा म्हणजेच सांगितलेलं करणं. नव्या करारातल्या ग्रीकमध्ये आज्ञा पाळण्यासाठी जो शब्द येतो, त्याच्या पोटातही 'ऐकणं' हाच धातू बसला आहे. म्हणून 'संपूर्ण आज्ञापालन' या भारदस्त शब्दाने दबून जाण्याआधी साधा प्रश्न विचारावा: मी नेमकं कुणाचं ऐकतोय?

हा प्रश्न मला सुचला तो आमच्या मंडळीतल्या एका रविवारी. चर्चच्या छपराची कौलं काढून पत्रे घालायचे ठरले होते, वर्गणी काढायची होती. त्या दिवशीचा संदेश होता देवाच्या इच्छेला पूर्णपणे शरण जाण्याविषयी. शास्त्रभाग इस्राएलचा पहिला राजा शौल याचा. पहिली दहा मिनिटं देवाचं ऐकण्याबद्दल झाली. मग गाडीने हळूच रूळ बदलला आणि शेवट झाला तो "पंचांनी एकदा ठरवल्यावर कुरकुर करणं म्हणजे देवाविरुद्ध बंड" इथे. माझ्या शेजारच्या मावशी पुटपुटल्या, "पण हिशोब मागितला तर बंड कसलं?" कुणी उत्तर दिलं नाही. पत्रे बसले, पावसात आता शेवटची प्रार्थना ऐकू येत नाही, तो भाग वेगळा.

गंमत अशी की शौलाची गोष्ट नेमकी उलटं सांगते.

1 शमुवेल, 15 वा अध्याय. शत्रू टोळी असलेल्या अमालेक्यांचं सगळं नष्ट कर, काही राखू नकोस, असा शमुवेल संदेष्ट्याकडून, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याकडून, शौलाला आलेला देवाचा हुकूम. (हा हुकूमच आज वाचताना घशाखाली उतरत नाही, हे मी मान्य करतो. पण इथे मुद्दा शौलाच्या वागण्याचा आहे.) शौल जिंकतो, टाकाऊ ते मारतो, धष्टपुष्ट गुरंमेंढरं राखतो आणि शमुवेल समोर येताच म्हणतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो: मग माझ्या कानांवर हे मेंढरांचं बेंबें येतंय ते काय? हिब्रूत 'वाणी' आणि 'आवाज' यांना एकच शब्द आहे. अध्यायाच्या सुरुवातीला शौलाला परमेश्वराच्या शब्दांची वाणी ऐकायला सांगितलेली असते; इथे मेंढरांची 'वाणी' ऐकू येते. लिहिणारा खट्याळ होता.

"यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे" हे वचन इथलंच, आणि सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या दोनच ओळी पुढे शौल कबुली देतो, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो म्हणतो, मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. पुन्हा तोच 'शामा'. म्हणजे शौल कुणाचंच न ऐकणारा उद्दाम राजा नव्हता. तो उत्तम ऐकत होता, फक्त चुकीच्या बाजूला कान लावून. आणि वर देवासाठी यज्ञ करायलाच मेंढरं राखली, असं त्याला धार्मिक नावही देत होता.

याहून अवघड गोष्ट 1 राजे 13 मध्ये आहे. तिच्यावर संदेश मी क्वचितच ऐकलाय, आणि का ते कळतं. दक्षिणेच्या यहूदा राज्यातून एक देवाचा माणूस उत्तरेच्या इस्राएल राज्यातल्या बेथेलला येतो. त्याचं नावही दिलेलं नाही. इस्राएलचा राजा यराबाम यज्ञाच्या वेदीजवळ उभा आहे. हा त्या वेदीविरुद्ध बोलतो, राजा त्याला धरायला हात पुढे करतो आणि हात वाळतो. प्रार्थनेने हात बरा झाल्यावर राजा म्हणतो, घरी चल, जेव. हा नकार देतो. त्याला देवाने सांगितलंय: तिथे भाकर खाऊ नकोस, पाणी पिऊ नकोस, आलास त्या वाटेने परत जाऊ नकोस. राजासमोर ताठ राहणं त्याला जमलं.

मग तो एका झाडाखाली बसलेला असताना बेथेलचा एक म्हातारा संदेष्टा गाढवावरून येतो. म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे. देवदूताने मला सांगितलं, तुला घरी नेऊन जेवू घाल. पुढे शास्त्रात दोनच शब्दांत शेरा येतो: तो खोटं बोलला. आणि जो माणूस राजाला बधला नाही, तो आपल्याच धंद्यातल्या वडीलधाऱ्याला बधतो. जातो, जेवतो. परतताना वाटेत सिंह त्याला मारतो. सिंह प्रेत खात नाही, गाढवाला हात लावत नाही; दोघं प्रेताजवळ उभे राहतात. ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हातारा मग प्रेत आणतो, स्वतःच्या कबरेत पुरतो आणि "हाय हाय, माझ्या बंधो" म्हणून रडतो. खोटं बोलणारा घरी मरतो, विश्वास ठेवणारा रस्त्यावर. न्याय कुठे आहे, असं आपण विचारतो, आणि अध्याय त्यावर गप्प बसतो. तो एवढंच दाखवतो की 'देवाने मला तुझ्यासाठी सांगितलं' असं कुणी म्हटलं म्हणून देवाने तुला स्वतःला सांगितलेलं रद्द होत नाही.

आता हे सगळं पुस्तकातलं. आपल्याकडे हाच वाद एका बाईने पत्रांतून लढला, आणि तो वाद अजून वाचता येतो.

पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथे मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) जोगिणींच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक पालक. मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणे, आणि रमाबाईही पत्रांत त्यांना आजीबाईच लिहीत. पंचविशीतली विधवा, पाच वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली, परक्या मुलुखात, पैशांसाठी मठावर अवलंबून. अशा बाईने गप्प राहून ऐकावं, हीच सगळ्यांची अपेक्षा होती.

खटके उडाले ते बारीक वाटणाऱ्या गोष्टींवरून. त्या चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा बेत निघाला, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला: हिंदुस्थानात याचं वाईट दिसेल. रमाबाईंना याचं हसूच आलं असावं. भर सभेत पुरुषांपुढे संस्कृतातून बोललेली ही बाई! माझ्या वडिलांनी नाही, नवऱ्याने नाही, आणि आता इंग्रज मला अडवतात, असा त्यांच्या उत्तराचा सूर होता. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, आमच्या संस्कृतात का नकोत, हेही त्यांनी विचारलं. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा, सिद्धांत त्यांना लगेच पटत नव्हता आणि पटल्याचं नाटक करायला त्या तयार नव्हत्या.

जेराल्डिनबाईंचं म्हणणं, हा अहंकार आहे; चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे नमायला शिक. त्यावर 1885 च्या एका पत्रात रमाबाईंनी जे लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: देवाच्या वचनाची आज्ञा पाळणं वेगळं आणि पुरोहितांची संपूर्ण आज्ञा पाळणं वेगळं. आत्ताच मोठ्या कष्टाने हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून उतरवलंय. तसंच दुसरं जोखड घेऊन पाद्र्याच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द परात्पराचा हुकूम म्हणून मी मानणार नाही.

'जोखड' हा शब्द नेमका आहे. बैलाला जोखड कुणी घातलं हे दिसत नाही, वजन तेवढं कळतं. रमाबाईंनी मान वळवून पाहिलं.

मात्र जेराल्डिनबाईंना खलनायिका करून मोकळं होता येत नाही. त्यांनी स्वतः आज्ञाधारकपणाचं व्रत घेतलेलं होतं. मठात वडील सिस्टरचा शब्द झेलणं हेच त्यांच्यासाठी देवाचं ऐकण्याचं रोजचं रूप होतं, आणि या वाटेनेही मोठी माणसं गेली आहेत. गोव्यात ज्यांचं शव बॉम जेझू बासिलिकेत आहे ते फ्रान्सिस झेवियर मुळात हिंदुस्थानात यायचेच नव्हते. निवड झालेले बोबादिया आजारी पडले आणि 1540 च्या मार्चमध्ये जेझुइट या संन्यासी संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांनी ऐनवेळी झेवियरना सांगितलं. ते निघाले. 6 मे 1542 ला गोव्यात उतरले. पुन्हा युरोप त्यांनी पाहिला नाही. 1553 च्या जूनमध्ये इग्नेशियसनी त्यांना परत बोलावणारं पत्र लिहिलं. झेवियर त्याच्या आधीच, 3 डिसेंबर 1552 ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले होते. बोलावणं मिळालं असतं तर आले असते, यात मला शंका नाही.

तेव्हा माणसाचं ऐकणं म्हणजे वाईट आणि थेट देवाचं ऐकणं म्हणजे चांगलं, इतकी सोपी वाटणी नाही. आज्ञाधारकपणावर सगळ्यात कडक लिहिणाऱ्या याच इग्नेशियसनी त्याच 1553 साली पोर्तुगालच्या जेझुइटांना पाठवलेल्या पत्रात दोन फटी मुद्दाम ठेवल्या आहेत. जिथे उघड पाप आहे तिथे आज्ञा लागू नाही. आणि प्रार्थना करून तुला वेगळं वाटलं, तर वरिष्ठाला जाऊन सांग. म्हणजे व्रत घेतलेल्यालाही तोंड आहे. आमच्या पत्र्यांच्या सभेत तेवढंही नव्हतं.

मंडळीत हमखास पुढे केलं जातं ते इब्री लोकांस पत्राच्या 13 व्या अध्यायातलं 17 वं वचन, अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद 'पटवणं' या धातूवरून आलेलं आहे. पटून घेऊन मागे चालणं असा त्याचा रंग. ज्याला पटवायचं त्याच्याशी आधी बोलावं लागतं.

माझ्या मते खरा फरक इथे कळतो. देव प्रश्न सोसतो. तुला मुलगा होईल असं सांगणाऱ्या देवदूताला कुमारी मरीया विचारते, हे कसं होईल? आणि तिला उत्तर मिळतं. सदोम शहराचा नाश टळावा म्हणून, किती नीतिमान माणसं पुरेत यावर अब्राहाम देवाशी पन्नासापासून दहापर्यंत बाजारात करावी तशी घासाघीस करतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः दुःखाचा प्याला टळू दे म्हणतो, आणि मत्तयाच्या मते तीनदा प्रार्थना करतो. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे त्या मागण्याला जोडून येतं, मागण्याच्या जागी येत नाही. उलट देवाच्या नावाने स्वतःचं चालवणाऱ्याला पहिला प्रश्नच खुपतो. आणखी एक: त्याच्या आज्ञेचा फायदा बहुधा त्यालाच होतो. म्हाताऱ्या संदेष्ट्याला पंगतीला सोबत मिळाली.

आता अडचण अशी की तिसराही एक आवाज असतो, आपला स्वतःचा, आणि तो देवाचा आवाज काढण्यात पटाईत आहे. जेराल्डिनबाईंची भीती हीच होती. यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही, एक माणूस आहे.

फ्रान्स येगरश्टेटर, ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी आणि चर्चचा सेवक. हिटलरच्या सैन्यात लढणार नाही, असं त्याने ठरवलं. गावचे लोक म्हणाले वेडा आहेस. धर्मगुरूंनी समजावलं. तो लिंट्सच्या बिशपांनाही भेटला. त्यांनीही बायको आणि तीन लहान मुलींचा विचार कर, राज्यकर्त्यांच्या कृत्यांची जबाबदारी तुझी नाही, अशाच अर्थाचं सांगितलं. बोलणारे सगळे त्याचेच, सगळे कॅथलिक. त्याने सगळ्यांचं कानाने ऐकलं. रुग्णसेवेचं काम द्या, करतो, असंही म्हणाला. ते मान्य झालं नाही, आणि 9 ऑगस्ट 1943 ला ब्रांडेनबुर्गला त्याचा शिरच्छेद झाला. 2007 मध्ये त्याच लिंट्समध्ये चर्चने त्याला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं.

हट्टी आणि आज्ञाधारक बाहेरून सारखेच दिसतात. पण हट्टी माणूस सल्ला मागायला बिशपांच्या दारात जात नाही, आणि रुग्णसेवा करतो असंही म्हणत नाही. येगरश्टेटर फक्त एका जागी अडला, बाकी सगळीकडे वाकायला तयार होता. प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये येशूचा शिष्य पेत्र न्यायसभेला "आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे" म्हणतो, तेव्हाही तो पळून जात नाही. फटके खातो आणि पुढे रोज परत मंदिरात.

रमाबाईही पळाल्या नाहीत. 1886 मध्ये त्या वाँटेजच्या सल्ल्याबाहेर अमेरिकेला गेल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवलं. मधे पाद्री नको, म्हणूनच असेल. मनोरमेला मात्र त्यांनी शिकायला पुन्हा इंग्लंडला धाडलं, आणि वाँटेजला पत्रं पुढेही वर्षानुवर्षं जात राहिली. ती पत्रं जपून ठेवली, जुळवून लावली, त्यांवर आपले शेरे लिहिले, ते सगळं आजीबाईंनीच.