तुओल स्लेंग : शाळा, तुरुंग आणि संग्रहालय

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंग संग्रहालयात शिरताना आधी दिसते ती शाळा. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे मैदान. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट पक्षाने शहर घेतलं, लगोलग रिकामं केलं आणि पुढे या शाळेत ‘एस-२१’ हा गुप्त तुरुंग थाटला. त्याचा प्रमुख डुच हा पूर्वाश्रमीचा गणिताचा मास्तर. नोंदी चोख ठेवायची सवय त्याने इथेही सोडली नाही. आलेल्या कैद्याचा फोटो, छळून लिहून घेतलेला कबुलीजबाब, मग मारायच्या यादीत नाव. बारा हजारांहून अधिक माणसं इथे आणली गेली, वाचली जेमतेम डझनभर. चित्रकार वान नाथ वाचले, कारण पोल पॉटची चित्रं काढायला कुणीतरी हवं होतं.

भिंतीवरच्या फोटोंमधले बरेचसे चेहरे ख्मेर रूजच्याच माणसांचे आहेत, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. पक्षाला स्वतःच्याच घरात हेर दिसू लागले होते. आजचा पहारेकरी उद्या कोठडीत, आणि त्याच्यामागोमाग बायकापोरंही.

७ जानेवारी १९७९ला व्हिएतनामी फौजा शहरात आल्या. दुर्गंधीचा माग काढत पोहोचलेल्या त्यांच्या वार्ताहरांना लोखंडी खाटांवर प्रेतं सापडली. संग्रहालयाचं काम त्याच वर्षी सुरू झालं. एवढी घाई कशाला? व्हिएतनामला जग आक्रमक म्हणत होतं, आणि संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच माणसांकडे राहिली होती. (व्हिएतनामने बसवलेल्या नव्या सरकारला १९८०मध्ये मान्यता देणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता.) पोल पॉटच्या राजवटीत काय घडलं, ते जगाला दाखवायचं होतं. मांडणी केली व्हिएतनामी कर्नल माय लाम यांनी. सायगावातलं अमेरिकी युद्धगुन्ह्यांचं संग्रहालयही त्यांच्याच हातचं. खऱ्या कवट्या जोडून केलेला कंबोडियाचा नकाशा इथे वर्षानुवर्षं भिंतीवर होता. २००२मध्ये तो उतरवला. बरं झालं.

त्यामुळे ‘हा व्हिएतनामचा प्रचार’ असा आक्षेप आला. मांडणीपुरता तो खराही आहे. पण कागद व्हिएतनामचे नव्हते. पळताना डुचने दप्तर जाळलं नव्हतं. २००८मध्ये तपास करणाऱ्या न्यायाधीशांनी त्याला याच आवारात आणलं. २०१०मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली, २०१२च्या अपिलात ती जन्मठेप झाली. पुराव्यात त्याच्याच हाताचे शेरे होते.