गुप्त सममिती (हायड्रोजन अणू व अतिसममित क्षेत्र सिद्धांत)

प्रणालीच्या भूमितीत सहज न दिसणारी, पण तिच्या गतिनियमांत दडलेली सममिती. व्यस्त-वर्गी (अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणाऱ्या) बलाखाली कोनीय संवेगाबरोबर आणखी एक सदिश अक्षय्य, म्हणजे काळानुसार न बदलणारा, राहतो. तो कक्षेच्या उपसौर (बलकेंद्राला सर्वांत जवळच्या) बिंदूकडे रोखलेला असतो. म्हणून लंबवर्तुळाकार कक्षा जागच्या जागी फिरत नाही.

या सदिशाला लाप्लास–रुंगे–लेन्झ सदिश म्हणतात, पण नावातील तिघांपैकी आद्य संशोधक कोणीच नाही. याकोप हेरमान व योहान बेर्नुली यांनी १७१० च्या सुमारास ही अक्षय्य राशी हाताळलेली दिसते. लाप्लास यांनी ती १७९९ मध्ये स्वतंत्रपणे मांडली, तर हॅमिल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. रुंगे यांचे १९१९ चे विवेचन पाठ्यपुस्तकी होते आणि लेन्झ यांनी १९२४ मध्ये त्याचाच आधार घेतला. अग्रक्रम हेरमान यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. रूढ नाव मात्र टिकून आहे.

पाउली यांनी १९२६ मध्ये याच सदिशावरून, श्रोडिंगर समीकरणाविना, हायड्रोजनचा वर्णपट काढला. दुसऱ्या ऊर्जापातळीवर इलेक्ट्रॉनच्या एक २एस (शून्य कोनीय संवेगाची) व तीन २पी (एक एकक कोनीय संवेगाच्या) अवस्थांची ऊर्जा सारखीच असते. त्रिमितीय परिभ्रमणाने फक्त तीन पी अवस्थांची बरोबरी उलगडते. एस त्यांच्या पंक्तीला का, हे चौमितीय परिभ्रमणाने कळते. फॉक यांनी १९३५ मध्ये संवेग-अवकाश चौमितीय गोलाच्या पृष्ठावर प्रक्षेपित करून ही सममिती उघड केली.

सापेक्षतेत ती सहसा भंगते. विक व कुटकॉस्की यांच्या १९५४ मधील, वस्तुमानरहित कणाच्या देवघेवीने बद्ध झालेल्या दोन कणांच्या प्रतिमानात मात्र, केवळ शिडीसदृश आकृत्या (एकामागून एक देवघेवी दाखविणाऱ्या फाइनमन आकृत्या) घेतल्या असता, ती टिकते. पुढे चौपट अतिसममिती (बोसॉन व फर्मिऑन कणांना जोडणारी सममिती) असलेल्या यांग–मिल्स सिद्धांतात, म्हणजे अणुकेंद्रीय प्रबल बलाच्या सिद्धांताच्या जातीच्या क्षेत्र सिद्धांतात, द्वैती अनुकोण (कोन कायम राखणाऱ्या रूपांतरांची) सममिती आढळली. संवेगांना दोन बिंदूंमधील अंतरे मानून नवे सहनिर्देशक घेतले की ती दिसते. कारों-हुओ व हेन यांनी २०१४ मध्ये दाखविले की, या सिद्धांतातील वस्तुमानयुक्त कणांच्या बद्ध जोडीला हीच सममिती लावल्यास तिचे मंदगती रूप म्हणजे उपरोक्त सदिश ठरतो. त्यामुळे सापेक्षीय दुरुस्त्या धरूनही त्या पातळ्यांची बरोबरी मोडत नाही. खऱ्या हायड्रोजनमध्ये ती सूक्ष्म संरचनेने (सापेक्षता व आभ्राम यांमुळे पातळ्या किंचित विलग होण्याने) व १९४७ मध्ये मोजलेल्या लॅम विस्थापनाने (पुंज क्षेत्रीय परिणामांमुळे पातळ्यांत पडणाऱ्या सूक्ष्म फरकाने) मोडते. कारों-हुओ व हेन यांचा निष्कर्ष रंगांची (यांग–मिल्स सिद्धांतातील प्रभार-प्रकारांची) संख्या अतिमोठी मानणाऱ्या समतलीय मर्यादेपुरता आहे; तीत केवळ सपाट कागदावर छेद न देता काढता येणाऱ्या आकृत्या उरतात.