खिळ्याविना जहाज सैल का पडत नाही?

भारतीय नौदलाचे शिडाचे जहाज ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून मस्कतला निघाले, तेव्हा एकही खिळा नसलेल्या या शिवलेल्या जहाजाचे सगळ्यांना अप्रूप वाटले. जुने लोक खिळे का टाळत? भोजराजाच्या नावावरचा एक संस्कृत ग्रंथ सांगतो की लोखंड जडवलेली जहाजे समुद्रातल्या चुंबकाकडे ओढली जातात. ही भाकडकथाच! जहाज ओढण्याइतके चुंबकत्व कुठल्याही खडकात नसते.

कौंडिण्य घडले गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर, नौकाबांधणी करणारे रत्नाकर दांडेकर यांच्या हाताखाली. नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती आणि २०१७ ची ‘तारिणी’ही दिवाडीच्याच. पण त्या फायबरग्लास वापरलेल्या आधुनिक शिडाच्या नौका होत्या. कौंडिण्यसाठी मात्र बांधणीचा तयार नकाशा नव्हता. होते फक्त अजिंठ्याच्या भिंतीवरचे पाचव्या शतकातले जहाजाचे चित्र. त्यावरून आराखडा बेतला गेला, आयआयटी मद्रासने पाण्यातल्या चाचण्या केल्या आणि बाबू शंकरन यांच्यासोबतच्या केरळी कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या.

खरी गंमत शिवणीत आहे. लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या तंतूंनी विणलेल्या असतात आणि हे तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने धावतात. पाणी तंतूंच्या मधे शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारते. त्यामुळे भिजलेली फळी रुंदीत आणि जाडीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. साधारण ३० टक्के ओलाव्याला भिंती तृप्त होतात आणि फुगणे थांबते. शेजारच्या फळ्यांच्या कडा तोवर एकमेकींवर दाबल्या जातात. दोरीचे उलट होते. पीळ दिलेले धागे भिजून जाड झाले की प्रत्येक वेढ्याला जास्त लांबीचा धागा लागतो, म्हणून दोरी आखडते. एकीकडे फळी रुंदावते, दुसरीकडे टाका आवळतो! सांध्याखाली दाबून बसवलेला काथ्या उरलीसुरली फट बुजवतो, वर राळ लागते.

काथ्यात लिग्निन हा लाकडाला कणखरपणा देणारा घटक भरपूर असतो, म्हणून तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. लोखंड मात्र गंजते. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि लाकूड चिरतो. शिवाय लाटेवर जहाज वाकते तेव्हा सगळा ताण खिळ्याच्या एका भोकावर येतो. शिवणीत तो शेकडो टाक्यांवर वाटला जातो.

अर्थात पूर्वजांचे हे तंत्र अमर नव्हे. टाके झिजतात, राळ तडकते, ठरावीक काळाने दोरी बदलावीच लागते.