पोटातला गोळा कुठून येतो?

चतुःशृंगीच्या जत्रेत आकाशपाळण्यातून उतरल्यावर माझी भाची पाच मिनिटं गप्पच होती. मग बर्फाचा गोळा चोखता चोखता तिने विचारलं, "मामा, पाळणा खाली यायला लागला की पोटात गोळा का येतो? वर जाताना का नाही येत?"

माझ्या शर्टाच्या खिशात फोन होता आणि त्यात 'फायफॉक्स' नावाचं फुकट मिळणारं अ‍ॅप सुरू ठेवलं होतं. फोन आडवा धरला की चित्रही आडवं होतं ते आतल्या त्वरणमापकामुळे. हे अ‍ॅप त्याच मापकाचे आकडे आलेखावर काढून दाखवतं. जमिनीवर उभं असताना आकडा ९.८. पाळण्याने वेग घेतल्यावर मात्र रेघ नागमोडी झाली होती. तळाशी चौदाच्या पुढे, माथ्यावर पाचच्या आसपास, आणि एक फेरी आठ सेकंदांची. म्हणजे माथ्यावर आमचं वजन जवळपास निम्मं आणि तळाशी जवळपास दीडपट होत होतं, दर आठ सेकंदांनी. उतार सुरू होतो तो हलकं झालेल्या शरीराने, आणि गोळा येतो तोही तिथेच.

वजन कमी झाल्याची खबर शरीराला दोन ठिकाणांहून लागते. जठर, यकृत, आतडी हे अवयव पोटात लटकलेले आणि एकमेकांवर टेकलेले असतात. त्यांचा भार हलका झाला की ते किंचित वर सरकतात, भोवतालचा ताण बदलतो आणि मज्जातंतू ते कळवतात. दुसरी खबर कानातून येते. आतल्या कानात अगदी बारीक स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात. शंखशिंपले ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे बनतात त्याचेच हे कण. शरीराला झटका बसला की हे जड कण मागे रेंगाळतात आणि खालचे केस वाकवतात. आपल्या तोलाचा निम्मा कारभार या चिमूटभर कणांवर चालतो.

या कणांना वेग कळत नाही, कळतो फक्त वेगातला बदल. पृथ्वी आपल्याला घेऊन सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते आहे आणि आपण दुपारी एक ते चार निवांत झोपतो. तरीही जगभरातली थीम पार्क पाटीवर वेगच लिहितात, कारण वेगाचा आकडा सांगायला सोपा.

सध्याचा सर्वांत मोठा आकडा सौदी अरेबियात आहे. रियाधजवळच्या किद्दिया इथे २०२५ च्या अगदी अखेरीस 'सिक्स फ्लॅग्ज'चं पार्क उघडलं. तिथला 'फाल्कन्स फ्लाइट' हा रोलर कोस्टर १९५ मीटर उंच, ताशी २५० किलोमीटर वेगाचा आणि सव्वाचार किलोमीटर लांब आहे. सव्वाचार किलोमीटर म्हणजे साधारण स्वारगेट ते शिवाजीनगर. संध्याकाळी तेवढ्या अंतराला किती वेळ लागतो ते पुणेकराला सांगायला नको.

इथे शाळेतलं एक गणित करून बघा. हवेचा अडथळा विसरला, तर १९५ मीटरवरून सोडलेली वस्तू खाली येईपर्यंत ताशी २२० किलोमीटरच्या थोडी पुढे जाते. अडीचशे गाठायला सुमारे २४६ मीटरचा कडा हवा. एवढी उंची तर इथे नाही, आणि शिवाय वारा अडवतो. मग उरलेला वेग कुठून आणायचा? तो विजेतून येतो. एखादी गोल मोटार उभी चिरून जमिनीवर सरळ पसरवली आहे असं समजा. बाहेरची तारांची वेटोळी रुळाच्या बाजूने मांडली आणि आतली चुंबकं गाडीच्या पोटाशी बसवली, की गाडी रुळावरून ओढली जाते. कोस्टरवाले याला 'लाँच' म्हणतात. पूर्वी साखळीने गाडी टेकडावर चढवायची आणि सोडून द्यायची, एवढाच खेळ होता. आता वाटेत कुठेही ढकलता येतं.

पण ढकलण्याला मर्यादा आहे आणि ती यंत्राची नाही, मानेची आहे. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याच्या पार्कातला 'दो-दोदोनपा' अवघ्या १.५६ सेकंदांत ताशी १८० किलोमीटर गाठायचा. हिशेब केला तर पाठीवर स्वतःच्या वजनाच्या सव्वातीन पट रेटा. हाडं मोडल्याच्या तक्रारी आल्यावर २०२१ मध्ये तो थांबवला आणि पुढे कायमचा बंद झाला. अबू धाबीतला 'फॉर्म्युला रोसा' ताशी २४० ला जातो, पण त्यासाठी जवळपास पाच सेकंद घेतो. तिथे मानेपेक्षा डोळ्यांची काळजी जास्त, म्हणून बसणाऱ्याला गॉगल देतात. त्या वेगात वाळूचा कण डोळ्यात गेला तर काय होईल, याची कल्पना करवत नाही.

आणि थांबवायचं कसं? वीज गेली तर? हा प्रश्न आपल्याकडे आधी सुचतो. गंमत म्हणजे या गाड्यांच्या मुख्य ब्रेकला वीज लागतच नाही. बोहरी आळीतून तांब्याचा मीटरभर पाइप आणा आणि त्यातून सैल जाईल असं छोटं, जोरदार निओडिमियम चुंबक वरून सोडा. लोखंडी मणी अर्ध्या सेकंदाच्या आत खाली पडतो. चुंबक मात्र मधात बुडाल्यासारखं तीन-चार सेकंद घेत उतरतं. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी हे होतं. हलणाऱ्या चुंबकामुळे तांब्यात भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह उठतात आणि तेच त्याला मागे खेचतात. कोस्टरच्या शेवटी चुंबकांच्या दोन रांगा आणि धातूची पाती एकमेकांच्या मधून जातात, तेव्हा हेच घडतं. घासणं नाही, झिजणं नाही. वेग जितका जास्त तितका (बऱ्याच अंशी) विरोध जास्त. उलट गाडी अगदी हळू झाली की हा ब्रेकही ढिला पडतो, म्हणून पूर्ण थांबवायला शेवटी साधे घासणारे ब्रेक लागतातच.

मला स्वतःला मात्र या उंचीच्या शर्यतीपेक्षा फसवाफसवीचे खेळ जास्त आवडतात. स्वारगेटला तुम्ही एसटीत बसला आहात, शेजारची गाडी मागे सरकते आणि क्षणभर आपलीच सुटली असं वाटतं. डोळा म्हणतो हललो, कान म्हणतो नाही, आणि भांडणात बहुतेक वेळा डोळा जिंकतो. १८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका प्रदर्शनात यावर अख्खा खेळ उभा केला होता. खोलीच्या मधोमध मोठा झोपाळा, त्यावर माणसं. झोपाळा झुलू लागतो, आणखी वर जातो, शेवटी पूर्ण गिरकी घेतो. प्रत्यक्षात झोपाळा जागेवरच असे आणि सामानसुमान पक्कं ठोकलेली खोलीच त्याच्याभोवती फिरवली जाई. माणसं मळमळत बाहेर पडायची. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. हॉलंडमधल्या 'एफ्टेलिंग' पार्कात १९९६ साली 'व्हिला व्होल्टा' आला, तो याचाच सुधारलेला अवतार. त्यात प्रेक्षकांची बाकंही थोडी कलतात, म्हणजे कानालाही थोडी लाच दिली जाते.

ही लाच फार कामाची. कानातल्या कणांना एक गोष्ट ओळखता येत नाही. डोकं मागे कलंडलं काय किंवा गाडीने पुढे झेप घेतली काय, कण मागेच सरकतात. तेव्हा खुर्ची हळूच मागे कलती करायची आणि समोरच्या पडद्यावर रस्ता धावता ठेवायचा, की जागच्या जागी बसलेल्या माणसाला सुसाट सुटल्यासारखं वाटतं. ऑरलँडोतल्या हॅरी पॉटरच्या राइडमध्ये २०१० पासून खुर्च्या चक्क 'कुका' कंपनीच्या रोबो हाताच्या टोकाला जोडलेल्या आहेत. मोटारींचे सांगाडे वेल्ड करायला कारखान्यांत असतात तसेच हे हात. चाकणला नोकरी करणाऱ्याने ही राइड बघितली तर त्याला ड्यूटीवर आल्यासारखं वाटेल.

केवळ थांबूनही घाबरवता येतं. अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंटला २०२५ मध्ये 'सायरन्स कर्स' सुरू झाला. गाडी वर जाऊन अशा रुळावर थांबते, ज्याच्या पुढे रूळच नाही. मग तो तुकडा गाडीसकट कलत कलत उभा होतो, खालच्या रुळाला जुळतो आणि गाडी सुटते. ही कल्पना तैवानमध्ये २००२ पासून आहे, पण अजून जुनी झालेली नाही. त्या दोन-चार सेकंदांत वेग शून्य असतो आणि गोळा मात्र तयार होत असतो.

चमत्कारिक जागांचीही कमी नाही. जर्मनीत कालकार इथे अणुभट्टी बांधून पूर्ण झाली, पण लोकांच्या विरोधामुळे आणि राजकारणामुळे कधी पेटलीच नाही. १९९१ मध्ये प्रकल्प गुंडाळला आणि पुढे एका डच उद्योजकाने ती विकत घेऊन तिचं पार्क केलं. आता तिच्या कूलिंग टॉवरच्या आत साखळ्यांचा झोपाळा फिरतो. रोमानियात तुर्दाच्या मिठाच्या खाणीत शंभर मीटरपेक्षा खोल जमिनीखाली तळं आहे, त्यात होड्या वल्हवायच्या. तिथे वीस मीटरचा आकाशपाळणाही आहे. आकाश नसताना त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न उरतोच. येऊ घातलेल्यांत अबू धाबीचं डिस्नेलँड आहे. इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ युनिव्हर्सलचं पार्क २०३१ मध्ये उघडायचा बेत आहे.

इंग्लंडमध्येच 'डिगरलँड' नावाची पार्क आहेत. तिथे उंची नाही, वेग नाही. खरीखुरी जेसीबी यंत्रं आहेत आणि ती लहान मुलांनी चालवायची. शेजारी देखरेखीला कुणीतरी असतं. दांडा ओढायचा, फावडं मातीत घालायचं, उचलायचं.

भाचीला मी लाँच, कानातले कण, फिरणारी खोली असं सगळं रंगवून सांगितलं होतं. तांब्याच्या पाइपातून चुंबक तिने पंधरा-वीस वेळा सोडून पाहिलं. पण डिगरलँडचं नाव निघाल्यावर ती एकदम सरळ बसली.

"मामा, जेसीबीचा कारखाना तर आपल्या तळेगावला आहे ना?"

"आहे."

"मग?"